बुधाजीची पश्चिमेची भिंत

खारवलीच्या पुळणीवर जागा घ्यायला हल्ली माणसं मोटारीतून येतात, वाळूत उभी राहतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो समुद्र दिसेल का, हा. विहिरीला गोडं पाणी आहे का, हे त्यांना दुपारी तहान लागली की सुचतं. गावातली जुनी माणसं अशा वेळी एकमेकांकडे बघून हसतात, कारण त्यांना बुधाजी गवंडी आठवतो. समुद्र दिसण्या-न दिसण्यापायी त्या भल्या माणसाची काय दशा झाली होती, ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

त्या काळी खारवलीला समुद्र होता, पण खारवलीतल्या घरांना नव्हता. रेवसच्या धक्क्यापासून बैलगाडीने दोन-अडीच तासांवरचं हे गाव अगदी किनाऱ्याला वसलेलं, आणि तरी एकाही घराचं तोंड तिकडे नाही. आधी पुळण, मग केवड्याचं दाट बन, मग उंडीची झाडं, मग नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि या सगळ्यांच्या आड समुद्राला पाठ देऊन बसलेली घरं. ओटी पूर्वेला, अंगण पूर्वेला, तुळसही पूर्वेलाच. पश्चिमेला गोठा, मोरी, लाकडांचा ढीग आणि खिडकी नसलेली एक आंधळी भिंत. त्या भिंतीला खिडकी ठेवायची नाही, हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. एक आषाढ तिथे काढला की आपोआप कळायचं. पाऊस वरून पडायचा नाही, आडवा यायचा, आणि खारं पाणी दाराच्या फटीतून थेट चुलीपर्यंत पोचायचं. म्हणून मृगाच्या आधी घरोघर पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे आणि दसरा उलटला की सोडायचे.

बुधाजी या गावचा गवंडी. घराणं मूळचं मिठागरावरचं, पण बापाने, धर्माजीने, एकदा थापी हातात धरली ती सोडली नाही. श्रीमंताचं घर कुठलं, हे ओळखायची धर्माजीची एक परीक्षा होती. भर आषाढात ओटीवर उघडी पणती लावायची. ती विझली नाही तर घर श्रीमंताचं, मग आत पितळेची भांडी असोत नाहीतर मडकी. बुधाजी याच परीक्षेवर वाढला. आपण बांधलेल्या प्रत्येक घरी पहिल्या आषाढात तो डोक्यावर इरलं आणि बंडीच्या खिशात पणती घेऊन हजर व्हायचा. कुणी बोलावलेलं नसायचं. पावसापाण्याची कामं सोडून घरचे लोक त्या पणतीभोवती बसायचे, मनातून वैतागायचे, पण चहा करायचे. पणती काही विझायची नाही. मग बुधाजी मान हलवून समाधानाने पुढच्या घरी.

त्याच्या स्वतःच्या ओटीवरची पणती तर कधीच विझली नव्हती. पण घरात तिच्या उजेडाला बसणारी माणसं दोनच, तो आणि त्याची बायको सोनूबाई. एकुलता एक मुलगा सदू बापाच्या हाताखाली काम शिकला होता. गिलाव्यावर त्याचा हात बापापेक्षा हलका चालायचा, आणि हे बुधाजी चारचौघांत सांगायचाही. पण लढाई संपल्यावर नवं घर बांधण्याइतकं गावात कुणाजवळ काही उरलं नाही. दोन वर्षं हात बांधून बसल्यावर सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर सदू लाँचीत बसला आणि लालबागला गिरणीत लागला. धक्क्यावरून परत आल्यावर सोनूबाईने त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही.

"देश मोकला झाला म्हनतान, आन् माजा पोर आत जाऊन पडला," एवढंच ती म्हणाली.

सदू गणपतीला चार दिवस यायचा. येताना आईला पातळ, बापाला विड्यांचं पुडकं. पाचव्या दिवशी परत. अशी चार वर्षं गेली.

एक्कावन्न साली मुंबईचे गुजराती कापडवाले शिवदास शेठ खारवलीत आले आणि त्यांनी पुळणीलगतचा एक पट्टा विकत घेतला. गाव आठ दिवस हसत होतं. त्या पट्ट्यात केवडा, साप आणि वाळू, याशिवाय काही नव्हतं. मेलेलं ढोर टाकायला लोक तिथे जायचे. शेठजी मात्र भर उन्हात डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे बघत राहिले आणि मग बुधाजीला बोलावून म्हणाले, "बुधाजी, मला इथे बंगला पायजे. अव्वल नंबर. पैशाकडे बघू नको. माझे चार दोस्त हाय. त्यांनी हा बंगला बघितला ने पसंत पडला, तर ते पण इथेच बांधणार. समदी कामं तुझी."

बुधाजीने मनातल्या मनात मोजलं. पाच बंगले म्हणजे आठ-दहा वर्षांचं काम. एकट्याचं नव्हे, दोघांचं. घरी येऊन त्याने सोनूबाईला सांगितलं, आणि तिने एकही प्रश्न विचारला नाही. "मंग सदूला लिव," म्हणाली.

शाळामास्तरांकडून कागद लिहून घेतला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सदूने लिहिलं होतं की हातची नोकरी एकदा सोडली तर परत मिळत नाही. पहिला बंगला होऊ दे, पुढची कामं पक्की झाली की दुसऱ्या दिवशीच्या लाँचीने येतो. सोनूबाईने मास्तरांना ते पत्र तीनदा वाचायला लावलं आणि घरी जाऊन सदूच्या बाजेचा काथ्या नवा भरायला घेतला.

मग मुंबईहून नकाशा आला. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. बुधाजीला अक्षर येत नव्हतं, पण नकाशा त्याला कळायचा, कोपऱ्यातला बाण उत्तरेचा हेही ठाऊक होतं. त्याने कागद वाळूत पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि उकिडवा बसून बघत राहिला. बघता बघता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. खांबांची लांबलचक ओटी पश्चिमेला. मोठमोठ्या खिडक्या पश्चिमेला. मोरी, स्वयंपाकघर आणि कोठी मात्र पूर्वेला, गावाच्या तोंडावर. येणारा पाहुणा आधी मोरी बघणार आणि आषाढातलं वादळ सरळ दिवाणखान्यात येऊन बसणार.

बुधाजीला नकाशा काढणाऱ्या इंजिनेराची कीव आली. बिचारा मुंबईत टेबलाशी बसून काढणार. त्याला खारवलीचा वारा काय माहीत? कागद उलटा धरून काढला असेल. बुधाजीने चार दगड उचलले, नकाशा अर्धा फिरवला आणि दगड परत ठेवले. आता सगळं बरोबर दिसत होतं.

सुतारकाम गुणाजीकडे होतं. तो म्हणाला, "बुधाजी, शेठला इचारलंस काय?"

"इचाराचं काय त्यात? मानूस चुकला तं आपुन सुधरून घ्यावं. त्याला कशाला लाज आनाची?"

हे तो अगदी मनापासून म्हणाला. यात लबाडी नव्हती की आळस नव्हता. शेठजींवर आपण मोठा उपकार करतो आहोत, आणि तोही न बोलता, अशीच त्याची समजूत होती. अशी चूक फक्त खारवलीचाच माणूस करू जाणे!

शेठजी त्या वर्षी धंद्यासाठी कलकत्त्याला अडकले. त्यांचे मुनीम दोनदा येऊन गेले, पण लाँच लागून त्यांचा चेहरा असा हिरवा पडलेला असायचा की त्यांना पूर्व-पश्चिम तर सोडाच, वर-खालीही धड कळत नसे. सिमेंटच्या गोण्या मोजायच्या, लिंबू चोखायचं आणि परत. इकडे बुधाजी जीव ओतत होता. चुना घाणीत दोनदा दळला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं. जोतं पुरुषभर उंच घेतलं. पूर्वेची ओटी तर अशी केली की तिथे वऱ्हाड जेवायला बसावं. गिलावा करताना प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, हा कोपरा सदूने केला असता तर आणखी सफाईचा झाला असता. असू दे, पुढचा बंगला आहेच.

त्रेपन्नच्या चैत्रात शेठजी वास्तुशांतीला आले. बरोबर बायको, मुलं आणि ते चार दोस्त. बैलगाड्या गावाकडून आल्या आणि मंडळींना समोर बंगला दिसला. काळ्या दगडाचं जोतं, पांढरेशुभ्र खांब, लाल मंगलोरी कौलं. "वाह, वाह!" शेठजी गाडीतूनच म्हणाले. दोस्तांनी माना डोलावल्या. बुधाजी नवं धोतर नेसून पायऱ्यांशी उभा होता. त्याने गर्दीत सोनूबाईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद त्याने लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिला असेल.

शेठजी ओटी चढले, दिवाणखाना ओलांडला आणि दोस्तांना म्हणाले, "आता बघा!" त्यांनी मोठ्या ऐटीत पश्चिमेचं दार उघडलं. पुढे मोरी होती. मोरीच्या भिंतीला वर, हात पुरेल एवढ्या उंचीवर, पाट मावेल एवढा एक झरोका.

शेठजींनी मान वर करून त्या झरोक्याकडे बघितलं. मग त्यांनी हाक मारली.

"बुधाजी! अरे, दरियो कुठे गेला?"

"हाय की शेठ," बुधाजी नम्रपणे म्हणाला. "मागल्या अंगाला हाय. तेचा तुमाला काय बी तरास न्हाय."

चारही दोस्त पोट धरून हसले. एकाला तर मोरीच्या कठड्यावर बसावं लागलं. शेठजींचा चेहरा मात्र लाल झाला. "मी दरिया बघायला घर बांधला! मुंबईत काय घर नाय मला? राहायला घर हाय, हा बघायला बांधला! ने तू माझ्या दरियाला मोरी दाखवली?"

बुधाजीने वारा सांगितला, आषाढ सांगितला, बापाची पणतीची परीक्षा सांगितली. जितकं सांगत गेला तितके दोस्त जास्त हसत गेले. दुपारी जेवताना त्यांच्यातला एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की माझ्या बंगल्याला मी मुंबईचा कंत्राटदार आणणार, त्याला निदान समुद्र कुठे असतो ते ठाऊक असेल. बाकीच्या तिघांनी लगेच री ओढली.

त्या संध्याकाळी बुधाजी घरी आला तेव्हा सोनूबाई सदूची बाज परत माळ्यावर चढवत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "कागद फिरवलास तो फिरवलास," ती म्हणाली. "माज्या पोराची वाट बी फिरवलीस." बुधाजीला शेठजींच्या शिव्यांचं काही वाटलं नव्हतं; पण हे वाक्य त्याला फार लागलं. तो ओटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

सकाळी शेठजींच्या गाड्या निघण्याआधी तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "शेठ, भिंत मी बांधली, मीच पाडतो. मीच नवी ओटी करून देतो. मजुरी नको." शेठजी तोवर निवळले होते. मजुरी घ्यावीच लागेल म्हणाले, आणि गाडीत बसले.

वैशाखाचं ऊन डोक्यावर घेऊन बुधाजीने आपलीच भिंत आपल्या हाताने फोडली. चुना इतका पक्का धरला होता की पहार उडून परत यायची, आणि त्याला त्याचा अभिमानही वाटायचा आणि रडूही यायचं. मोरी पूर्वेच्या कोपऱ्यात नेली. पश्चिमेला तीन कमानींची उंच ओटी काढली, आणि प्रत्येक कमानीत गुपचूप लोखंडी कड्या बसवल्या. पावसाळ्यात झाप बांधायला. सवय जाते कुठे!

ओटी पुरी झाली त्या संध्याकाळी त्याने थापी धुतली आणि विडी पेटवून कठड्यावर टेकला. तोंड समुद्राकडे. साठीला आलेला माणूस, सगळा जन्म किनाऱ्यावर गेलेला. पण दिवेलागणीच्या वेळी असा समुद्राकडे तोंड करून तो पहिल्यांदाच बसला होता. तिन्हीसांजेला पुळणीवर जायची गावात रीत नव्हती. बायकांना तर सक्त मनाई. सूर्य बुडाला, पाणी काळवंडलं. आणि उजव्या हाताला, दूर, पाण्याच्या कडेला एक एक करत दिवे लागले. पाच, दहा, मग मोजता येईनात इतके. खालून एक कोळी जाळं खांद्यावर टाकून चालला होता.

"अरे, ते काय रं?" बुधाजीने विचारलं.

कोळ्याने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "मुंबय. आनखी काय?"

बुधाजीची विडी तशीच विझली. मुंबई म्हणजे रेवसपर्यंत गाडी, मग लाँच, मग ओकाऱ्या, मग कुठली तरी ट्राम. एक दिवस जायचा. आणि ती इथे होती, उजव्या हाताला, कठड्यावरून दिसत होती! तो तसाच उठला, घरी गेला आणि चुलीपुढे बसलेल्या सोनूबाईला म्हणाला, "ऊठ. चल माज्यासंगं."

ती त्याच्याशी महिनाभर धड बोलत नव्हती. पण त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, ती उठली. रीत मोडून तिन्हीसांजेची केवड्याच्या बनातून त्याच्या मागे चालत गेली, ओटी चढली. बुधाजीने हात लांब केला. "तितं सदू हाय," तो म्हणाला. सोनूबाई उभीच राहिली. खूप वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि खाली बसली.

त्यानंतरची पाच वर्षं, पावसाळा सोडला तर, त्या दोघांची संध्याकाळ तिथेच गेली. दिवाळीत शेठजी आले, नव्या ओटीवर आरामखुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "हां! आता झाला बंगला." पुढे एकदा भर पावसात त्यांना यावं लागलं, तेव्हा पश्चिमेला झाप बांधलेले होते आणि सगळं घर पूर्वेच्या ओटीवर कोरडं ठणठणीत बसलं होतं. बुधाजीने पणती लावून दाखवली. शेठजींनी त्याच दिवशी बंगल्याची राखण बुधाजीकडे दिली. दोस्तांचे चार बंगले मात्र मुंबईच्या कंत्राटदारानेच बांधले. सपाट छपरं, काचाच काचा. पहिल्याच पावसाळ्यात काचा फुटल्या, दुसऱ्यात स्लॅबमधले गज गंजून पोपडे खाली आले. कंत्राटदार असल्या किरकोळ कामाला येईना. चारही घरचे माळी बुधाजीकडे येऊन गेले, एकदा नाही, दरसाल. बुधाजी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचा. "ज्यानं बांधलं त्याला बोलवा. मला समुद्र कुटं असतो ते ठावं न्हाय." असं बोलून त्याला मोठं समाधान वाटायचं.

सोनूबाईला या मानापमानाशी काही घेणं नव्हतं. तिने त्या दिव्यांतला एक दिवा निवडला होता. सगळ्यांच्या डाव्या टोकाला, जरा लालसर, लुकलुकणारा. तो सदूचा. तो उशिरा दिसला की म्हणायची, आज पोराची पाळी लांबली. लवकर दिसला की म्हणायची, आज वेळेवर जेवला. बुधाजी हो म्हणायचा. खरं सांगायचं तर त्यालाही ते पटायला लागलं होतं. शेठजी पैसे मोजून ज्या कठड्यावर वर्षातून दोनदा बसत, त्याच्यावर ही दोघं रोज बसत होती, आणि आपल्याएवढं वैभव शेठजींनाही नाही, असं बुधाजीला मनातून वाटायचं.

सदूला हे काही ठाऊक नव्हतं. तो गणपतीला यायचा तेव्हा कमानींना झाप बांधलेले असायचे. अठ्ठावन्न साली मात्र तो पहिल्यांदाच शिमग्याला आला. फार वाळला होता, खोकत होता. सोनूबाई त्याला दुसऱ्याच संध्याकाळी बंगल्याच्या ओटीवर घेऊन गेली, कठड्यावर बसवलं, आणि दिवे लागायची वाट बघत बसली. लाल दिवा लागला तशी तिने त्याचा दंड धरला.

"तो बग. तो तुजा दिवा. आमी रोज बगतो."

सदू त्या दिव्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय आये. तोच."

तिला धन्य वाटलं. बुधाजीने मात्र पोराच्या घशातला आवाज ओळखला. सकाळी विहिरीवर दोघंच होते, तेव्हा त्याने विचारलं, "काल तू खोटं बोललास ना?"

सदूने कळशी खाली ठेवली. "बाबा, तो लाल दिवा बोटींचा हाय. खडकावर येऊ नये म्हनून लावतान."

"मंग तुजी खोली कुटं येते?"

"ती दिसाची न्हाय."

"का? लांब हाय?"

"तिला खिरकीच न्हाय, बाबा. धा बाय धाची खोली, नऊ जनं झोपतो, पालीपालीनं. दिवसा बी दिवा लावावा लागतो. तेचा उजेड भायेर कुटनं येल?" तो ओशाळं हसला. "आयला सांगू नको. ती रोज बगते म्हनाली."

बुधाजी विहिरीच्या काठावर बसला. गावभर पणत्या घेऊन लोकांच्या ओट्या तपासत फिरणाऱ्या माणसाने, अकरा वर्षांत, आपला पोर कसल्या घरात झोपतो हे एकदाही विचारलं नव्हतं. लांबून दिवे बघितले आणि त्यातच सुख मानलं. पाच वर्षं जो उजेड त्याला आपलं वैभव वाटला होता, त्यात त्याचा सदू नव्हताच. पोर काळोखात खोकत पडला होता, आणि बाप इथे रुसून बसला होता. काम दारात येत होतं आणि हा त्याला हाकलून देत होता. हे त्याला त्या क्षणी इतकं स्वच्छ कळलं की त्याला स्वतःची लाज वाटली.

"गिलाव्याचा हात हाय का तुजा अजून?" त्याने विचारलं.

"आसंल. का?"

बुधाजी उठला, डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि ज्या चार बंगल्यांच्या फाटकात तो पाच वर्षांत कधी पाय ठेवायला गेला नव्हता, त्या चारही ठिकाणी स्वतः होऊन गेला. माळ्यांना म्हणाला, "तुमच्या शेठना कलवा. दरसाल मृगाआधी झाप बांधून देऊ, दिवालीआधी गिलावा, गंजलेले गज बदलू. आमी बापलेक." पहिला माळी म्हणाला, "बुधाजीबाबा, तुमाला समुद्र कुटं असतो ते कललं वाटतं!" बुधाजीने ते ऐकून घेतलं. एरवी त्याने त्या माळ्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

आठ दिवसांत चौघांचाही होकार आला. खारा वारा दरसाल काहीतरी खाणारच होता, आणि ते दरसाल कुणीतरी भरून काढायला हवंच होतं. सदू मुंबईला जाऊन गिरणीत राजीनामा देऊन आला तो वैशाख संपता संपता. बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. सोनूबाईने बाज माळ्यावरून खाली काढली. काथ्या भरून सहा-सात वर्षं झाली होती, पण एक पीळही सैल पडला नव्हता.

पहिल्या सकाळी सदू उठला तर बाप घराच्या पश्चिमेच्या भिंतीपुढे ओळंबा धरून उभा. खडूने चौकट आखलेली.

"हे काय बाबा?"

"तुजी बाज हितं टाकलीय. हितं खिरकी पायजे. पहार घे."

"आनि आषाढात?"

"आषाढात झाप बांदू. हात मोरलेत काय आपले?"

खारवलीच्या इतिहासात गावातल्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला पडलेली ती पहिली खिडकी. अर्धं गाव बघायला जमलं. गुणाजीने चौकट बसवली आणि बुधाजीचं डोकं फिरल्याचं सगळ्यांना बोलून दाखवलं. कडेचा गिलावा सदूने केला. खोकत होता मधून मधून, पण हात तोच, बापापेक्षा हलका. बुधाजी बाजूला बसून नुसता बघत होता.

संध्याकाळी काम आटोपलं. समुद्राचा गार वारा पहिल्यांदाच त्या घरात शिरला आणि ओटीपर्यंत गेला. सोनूबाई हात पुसत आली, खिडकीत उभी राहिली, वाकून उजवीकडे बघितलं, मग टाचा उंचावून बघितलं. पोफळी होत्या, उंडी होत्या, त्यांच्या फटीतून थोडं पाणी दिसत होतं.

"अगो बाय," ती म्हणाली, "हितनं मुंबय न्हाय दिसत."

सदू मागे बाजेवर पाय पसरून बसला होता. बुधाजीने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"आता कशाला पायजे?" तो म्हणाला. "जेवाला वाड."